औषधाला दाद न देणारा हिवताप



पावसाळा उतरणीला लागला, खाचरांतून आणि डबक्यांतून पाणी साचले, की आपल्याकडे हिवतापाचे दिवस सुरू होतात. आधी हुडहुडी भरते, दोन दोन घोंगड्या पांघरल्या तरी थंडी जात नाही. मग अंग फणफणते आणि शेवटी दरदरून घाम सुटून ताप उतरतो. माणूस उठून बसतो, जरा हिंडूफिरू लागतो, आणि एक दिवस जातो न जातो तोच पुन्हा तीच थंडी. याला कोणी हिवताप म्हणतात, कोणी थंडीताप, शहरात मलेरिया म्हणतात. या तापावर चांगले औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. पण एके काळी हमखास लागू पडणारे औषध पुढे लागू पडेनासे होते, असे या रोगाच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडले आहे. ते का घडते, आणि घडू नये म्हणून आपल्या हातात काय आहे, हे आज पाहू.

आधी रोगी माणसाच्या रक्तात काय चालते ते समजून घेतले पाहिजे. १८८० साली अल्जीरियात लाव्हरां नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टराने तापाच्या रोग्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्याला त्यात हलणारे सजीव दिसले. हाच हिवतापाचा परजीवी. पुढे १८९७ साली, आपल्याच देशात, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना हा परजीवी डासाच्या पोटात वाढताना सापडला. डास चावतो, परजीवी रक्तात शिरतो, तेथून यकृतात जाऊन आठवडाभर दडून वाढतो आणि मग रक्तातल्या तांबड्या पेशींवर हल्ला चढवतो. एका पेशीत एक शिरतो, आतले खाऊन वाढतो, त्याचे पंधरा-वीस, कधी त्याहूनही जास्त होतात, आणि पेशी फोडून ते बाहेर पडतात. प्रत्येक जण नवी पेशी शोधतो. आपल्याकडच्या दोन मुख्य जातींत हा फेरा साधारण ४८ तासांचा असतो. म्हणूनच ताप एक दिवसाआड येतो.

या दोन जातींची नावे लक्षात ठेवा. एक व्हायव्हॅक्स आणि दुसरी फॅल्सिपेरम. व्हायव्हॅक्स पुन्हा पुन्हा उलटून छळते. फॅल्सिपेरम मेंदूपर्यंत पोचते आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीव घेते. औषधाला दाद न देण्याची जी कहाणी मी सांगणार आहे, ती मुख्यतः या फॅल्सिपेरमची आहे.

आता जरा हिशेब करू. एकाचे पंधरा, पंधराचे सव्वादोनशे, सव्वादोनशेचे तीन हजारांहून अधिक, असे दर दोन दिवसांनी वाढत गेले तर काय होईल? सगळेच जगत नाहीत, आपले शरीर पुष्कळांना मारते. तरीसुद्धा जबर तापाने पडलेल्या एका माणसाच्या अंगात हजारो कोटी परजीवी असू शकतात. साऱ्या जगाच्या लोकसंख्येहून जास्त जीव एका घोंगडीखाली! हा आकडा ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे त्याच्यावरच उभे आहे.

प्रत्येक नव्या परजीवीला आपल्या आईबापांकडून एक पोथी मिळते, म्हणा ना. कसे खावे, कसे वाढावे, पेशीत कसे शिरावे, ही सारी माहिती त्या पोथीत लिहिलेली असते. ही पोथी चारच अक्षरांच्या लिपीत आहे आणि फॅल्सिपेरमच्या पोथीत अशी सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरे आहेत. शास्त्रज्ञांनी ती सगळी २००२ साली वाचून काढली. पोथीतल्या एकेका ओळीला, म्हणजे एकेका कामाच्या सूचनेला, जनुक म्हणतात. एकाचे दोन होताना ही अख्खी पोथी नकलून काढावी लागते.

गुरुजी, आता तुम्हीच सांगा. फळ्यावरचा धडा वर्गातल्या चाळीस मुलांनी उतरवून घेतला, तर चाळीसही वह्या बिनचूक निघतात का? कोणी काना विसरतो, कोणी ‘पाणी’ऐवजी ‘वाणी’ लिहितो. परजीवी मुलांपेक्षा फार काळजीपूर्वक नक्कल करतो. पण दोन कोटींवर अक्षरे, आणि हजारो कोटी नकला! कुठे ना कुठे एखादे अक्षर चुकणारच. या चुकीला शास्त्रात उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुकांनी काहीच बिघडत नाही. काही चुकांनी तो परजीवी लुळा पडतो किंवा मरतो. आणि क्वचित एखादी चूक अशी असते की, एरवी तिचा काही उपयोग नसतो, पण नेमके एखादे औषध आले की तीच त्याला तारते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण सहज बोलून जातो की, ‘जंतूंना औषधाची सवय झाली.’ माणसाला तंबाखूची सवय होते तशी काही ही सवय नव्हे. एखादा परजीवी औषध चाखून शहाणा होतो, असे होत नाही. औषध येण्याच्या आधीच, नकलेतल्या चुकीमुळे, एखादा वेगळा परजीवी त्या गर्दीत जन्मलेला असतो. औषध त्याला घडवत नाही, निवडून काढते.

हे घरच्या घरी करून पाहण्यासारखे आहे. पायलीभर बाजरी घ्या. तिच्यात चार दाणे तुरीचे आणि एक हरभऱ्याचा टाका. आता बाजरी खाली पडेल अशी चाळण घेऊन चाळा. बाजरी गळाली, वर तूर आणि हरभरा राहिला. हा हरभरा काय चाळणीने तयार केला? तो आधीपासूनच होता, फक्त पायलीभर बाजरीत दिसत नव्हता. आता समजा, गळालेला दाणा म्हणजे मेलेला परजीवी आणि चाळण म्हणजे औषध. चाळणीवर उरलेल्या प्रत्येक दाण्याचे पुन्हा दहा दहा झाले, तर पुढच्या खेपेला पायलीत बाजरी दिसेल का? सारी तूर आणि हरभराच दिसेल.

आणि आणखी एक पाहा. चाळणीची भोके मोठी असतील तर बाजरीबरोबर तूरही गळून जाते, हरभऱ्याचा एखादाच दाणा उरतो. त्या एकट्यादुकट्याला आपले शरीर, किंवा जोडीला दिलेले दुसरे औषध, संपवू शकते. पूर्ण मात्रेचे औषध म्हणजे ही मोठ्या भोकांची चाळण. अर्धवट मात्रा म्हणजे बारीक भोकांची चाळण, तिच्यावर तूरही तगते. तीन दिवसांच्या गोळ्या एका दिवसात थांबवणारा माणूस नकळत हेच करत असतो. ताप उतरला म्हणून त्याला वाटते आपण बरे झालो. पण त्याच्या रक्तात जे थोडे उरले, ते नेमके औषधाला तोंड देऊ शकणारे उरले. त्यांची संख्या वाढते, ताप उलटतो, दरम्यान डास चावतो आणि ते बियाणे शेजाऱ्याच्या घरी पोचते. कपाशीवर वर्षानुवर्षे एकच औषध फवारले तर कीड त्याला जुमानत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. नियम तोच आहे.

हे झाले तत्त्व. आता प्रत्यक्षात काय घडले ते ऐका.

हिवतापावरचे पहिले खात्रीचे औषध सिंकोना झाडाच्या सालीतून आले. त्या सालीतून १८२० साली फ्रान्समध्ये क्विनाइन वेगळे काढण्यात आले. आपली जुनी माणसे ज्याला कोयनेल म्हणत, ते हेच कडू जहर औषध. पुढे १९३४ साली जर्मनीत क्लोरोक्वीन हे औषध प्रयोगशाळेत तयार झाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर गेले. स्वस्त, घ्यायला सोपे आणि कमालीचे गुणकारी. भारतात १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घराघरांतून डीडीटीची फवारणी आणि तापकऱ्यांना गोळ्या या दोन्हींच्या जोरावर, जिथे वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोक या तापाने पडत आणि आठ लाख मरत, तिथे १९६५ सालापर्यंत रोग्यांची नोंद एक लाखाच्या आसपास आली. आता हिवताप संपलाच, असे वाटू लागले होते. पण १९७६ साली आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. फवारणीत ढिलाई झाली होती, डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते. आणि याच सुमारास परजीवीही औषधाला दाद देईनासा होऊ लागला होता.

क्लोरोक्वीन परजीवीला मारते तरी कसे? परजीवी आपल्या तांबड्या पेशीतले रक्तद्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, खातो. ते पचवताना हीम नावाचा लोहयुक्त भाग मागे उरतो. हा भाग परजीवीला विषासारखा असतो. म्हणून तो त्याचे बारीक खडे बनवतो आणि आपल्या पोटासारख्या एका पिशवीत ठेवून देतो. खडा झाला की विष बाधत नाही. क्लोरोक्वीन त्या पिशवीत शिरून साठते आणि खडे बनू देत नाही. आपल्याच जेवणाच्या विषाने परजीवी मरतो.

आता चुकलेल्या अक्षराची करामत पाहा. त्या पिशवीच्या भिंतीत एक दार आहे. हे दार ४२४ कड्यांच्या साखळीचे बनलेले एक प्रथिन आहे. पोथीतले एकच अक्षर बदलल्याने या साखळीतली ७६वी कडी वेगळी पडते. लायसिनच्या जागी थ्रिओनिन येते. साखळीत आणखीही काही कड्या बदललेल्या असतात, पण मुख्य ही. त्या बदलाने दार असे होते की, पिशवीत आलेले क्लोरोक्वीन त्यातून बाहेर टाकले जाते. औषध साठतच नाही, मग मारणार कसे? हे जनुक शास्त्रज्ञांनी २००० साली ओळखले. ४२४ कड्यांतल्या एका कडीने केवढा उत्पात घडवला, ते पुढे ऐका.

१९५० ते ६० या दशकाच्या अखेरीस थायलंड आणि कंबोडियाच्या सरहद्दीवर, आणि जवळपास त्याच वेळी दक्षिण अमेरिकेत कोलंबिया व व्हेनेझुएला या भागात, क्लोरोक्वीन घेऊनही बरे न होणारे रोगी आढळू लागले. कंबोडियाच्या पैलिन भागात रत्नांच्या खाणी आहेत. तिथे ठिकठिकाणचे मजूर येत-जात. ताप आटोक्यात यावा म्हणून १९६०च्या सुमारास तिथे खाण्याच्या मिठातच औषध मिसळून वाटण्यात आले. कल्पना चांगली होती, पण कोणाच्या पोटात किती मीठ जाते याला धरबंध नव्हता. थोडे थोडे औषध सतत रक्तात राहिल्याने दाद न देणाऱ्या परजीवींची निवड होण्यास हातभार लागला, असे अभ्यासक मानतात.

तिथून हे बियाणे पश्चिमेकडे सरकले. भारतात १९७३ साली आसामच्या कार्बी आंगलाँग भागात क्लोरोक्वीनला दाद न देणारा फॅल्सिपेरम प्रथम नोंदला गेला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते पूर्व आफ्रिकेत पोचले. तिथे लहान मुले या तापाने आधीच मोठ्या संख्येने दगावत होती. औषध निकामी झाले, पण बदली औषध महाग म्हणून कित्येक वर्षे तेच वाटले जात राहिले, आणि दगावणाऱ्या मुलांची संख्या वाढली. पोथीतल्या त्या एका अक्षराची किंमत अशी मोजावी लागली.

मग सल्फाडॉक्सिन आणि पायरिमेथामिन यांची जोडगोळी आली. तिच्याविरुद्धही परजीवीच्या दोन जनुकांत एकामागून एक बदल साठत गेले आणि तीही ठिकठिकाणी निकामी ठरली.

पुढचे औषध चीनमधून आले. व्हिएतनामच्या युद्धात सैनिक हिवतापाने हैराण झाले होते, म्हणून १९६७ साली चीनमध्ये नव्या औषधाचा शोध सुरू झाला. तू यूयू या बाईंनी शेकडो जुने वनौषधींचे पाठ चाळले. चौथ्या शतकातल्या एका वैद्याच्या ग्रंथात त्यांना दवणावर्गातल्या एका झुडपाचा उल्लेख मिळाला. त्याचा पाला पाण्यात भिजवून पिळून प्यावा, असा तो पाठ होता. त्यावरून उकळण्याने गुण जात असावा, हे त्यांनी ताडले आणि कमी उष्णतेवर अर्क काढला. १९७२ साली आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध परजीवींना झपाट्याने मारते, मात्र रक्तातून लवकर निघूनही जाते.

आधी पोळलेल्या जगाने या खेपेस शहाणपण केले. आर्टेमिसिनिनवर्गातले औषध एकटे द्यायचे नाही, जोडीला रक्तात जास्त दिवस टिकणारे दुसरे औषध द्यायचे, असे ठरले. का? समजा, एका औषधातून वाचणारा परजीवी लाखात एक असतो, दुसऱ्यातून वाचणाराही लाखात एक. मग दोन्हींतून एकाच वेळी वाचणारा किती? लाख गुणिले लाख, म्हणजे हजार कोटींत एक. आकडे समजुतीपुरते घेतले आहेत, पण दोन औषधांच्या जोडीचे बळ कशात आहे ते यावरून दिसेल. एका दाराला दोन निरनिराळी कुलुपे लावण्यासारखे हे आहे. एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्या देऊ नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बजावले आणि पुढे आपल्या देशातही त्यांवर बंदी आली.

पण दोघांतला एक गडी आधीच दुबळा असेल, तर सारा भार दुसऱ्यावर पडतो. आपल्या ईशान्येकडील राज्यांत जोडीतले सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन कुचकामी ठरू लागले, तेव्हा २०१३ साली तिथे जोडी बदलून आर्टेमेथर आणि लुमेफँट्रिन द्यायचे ठरले. तिकडे कंबोडियाच्या त्याच पैलिन भागात २००८-०९च्या सुमारास आर्टेमिसिनिन घेऊनही परजीवी रक्तातून सावकाश नाहीसे होत असल्याचे दिसले. यामागचे जनुक २०१४ साली सापडले. त्याला केल्च-१३ म्हणतात. त्यात बदल झालेले परजीवी औषधाचा जोर असेपर्यंत वाढ थांबवून पडून राहतात आणि औषध ओसरले की पुन्हा उठतात. गव्हावरून नांगर फिरला तरी हरळीची मुळे जमिनीत जिवंत राहतात, तसे. म्यानमारमध्ये भारताच्या सरहद्दीपासून जेमतेम २५ किलोमीटरवर असे परजीवी आढळल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. २०२०पासून रवांडा आणि युगांडा या आफ्रिकी देशांतूनही तशाच बातम्या आल्या. तिथले बदल बाहेरून आलेले नाहीत, तिथल्याच परजीवींच्या नकलेत उपजले आहेत. म्हणजे सरहद्दीवर पहारा ठेवून हे टळणारे नाही.

हे ऐकून निराश होऊ नका. मलावी या आफ्रिकेतल्या देशाने एक फार मोलाचा धडा दिला आहे. क्लोरोक्वीन निकामी झाले म्हणून मलावीने ते १९९३ साली बंद केले. तेव्हा तिथल्या बहुसंख्य परजीवींत ७६व्या कडीचा तो बदल होता. औषध बंद झाल्यावर वर्षागणिक तो कमी होत गेला आणि काही वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिथल्या मुलांना क्लोरोक्वीन देऊन पाहिले, तर ते ९९ टक्के लागू पडले! असे कसे झाले? तर बदललेले दार औषधापासून वाचवते खरे, पण एरवीच्या कामात ते तितके चांगले नाही. औषध असेपर्यंत तो परजीवी राजा. औषध गेले की साधा, निर्दोष दाराचा परजीवी त्याला मागे टाकतो. चाळण बाजूला ठेवली की बाजरी पुन्हा वाढते. अर्थात हे सगळीकडे आणि सगळ्या औषधांच्या बाबतीत इतके सुरळीत होईल असे नाही. पण औषध नको तिथे न वापरणे हाही औषध जपण्याचा एक मार्ग आहे, हे मात्र त्यातून ठरले.

आता आपल्यापुरते काय करायचे ते सांगतो. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीसारख्या जंगलपट्टीतल्या जिल्ह्यावर पडतो. पण कामासाठी माणसे गावोगाव हिंडतात, म्हणून हे सर्वांनीच ऐकावे.

पहिली गोष्ट, ताप आला की रक्त तपासून घ्या. प्रत्येक ताप हिवताप नसतो. आशाताईंकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासणी होते आणि जात कोणती तेही कळते. जातीवर औषध ठरते. व्हायव्हॅक्सवर आपल्याकडे क्लोरोक्वीन अजूनही चालते. मात्र यकृतात दडलेले परजीवी मारण्यासाठी जोडीला प्रायमाक्वीन १४ दिवस घ्यावे लागते. ते गरोदर बाईला आणि तान्ह्या मुलाला देत नाहीत, म्हणून आपल्या मनाने घेऊ नये. फॅल्सिपेरमवर तीन दिवसांची जोडऔषधी देतात. तिची पाकिटे वयाप्रमाणे निरनिराळ्या रंगांची असतात.

दुसरी गोष्ट, दिलेल्या गोळ्या संपवा. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, कापणी खोळंबली, म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवू नका. पुढच्या तापाला होतील म्हणून राखू नका, शेजारच्या पोराला अर्धी मोडून देऊ नका. गोळी घेतल्याबरोबर उलटी झाली तर आशाताईंना सांगा, गोळी पुन्हा द्यावी लागते.

तिसरी गोष्ट, दुकानातून ‘तापाची एक गोळी’ आणून घेण्याची सवय सोडा. आणि चौथी, पूर्ण औषध घेऊनही तीन दिवसांत ताप उतरला नाही किंवा महिन्याच्या आत उलटला, तर घरी न बसता पुन्हा रक्त दाखवा. अशा रोग्यावरूनच औषध थकत चालले की काय ते डॉक्टरांना कळते. तापात शुद्ध हरपली, झटके आले, लघवी काळपट झाली, मूल दूध पिईना, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

पाचवी गोष्ट जुनीच आहे. मच्छरदाणीत झोपा, घराजवळ पाणी साचू देऊ नका. डास चावलाच नाही, तर औषधाला दाद देणारा आणि न देणारा असे दोन्ही परजीवी दाराबाहेरच राहतात.

शिक्षकमित्रांनो, बाजरी, तूर आणि हरभऱ्याचा तो खेळ वर्गात एकदा करून दाखवा. बारीक आणि मोठ्या भोकांच्या दोन चाळण्या तेवढ्या लागतात. मुले घरी जाऊन आईला सांगतील, आणि आजीच्या उशाशी ठेवलेले अर्धे पाकीट बाहेर निघेल. नवे औषध शोधायला कित्येक वर्षे लागतात. हाती असलेले औषध टिकवण्याचे काम मात्र ज्याच्या घरी ताप आला त्याच्याकडे आहे, आणि ते तीन दिवसांचे, फार तर चौदा दिवसांचे काम आहे.